दहापैकी नऊ

९ फेब्रुवारी

बाबा,

तुमचं पाकीट मिळालं. वरचं अक्षर बघून मी मिस्त्रीला ओरडून सांगितलं, बापाचं पत्र आलं, आजचा चहा माझ्याकडून. उघडलं तर आत माझंच पत्र! लाल शाईने चुका काढलेल्या, समासात शुद्ध शब्द लिहिलेले, आणि खाली कोरं. मिस्त्री पोट धरून हसला. म्हणाला, "तुझा बाप आहे की फूटपट्टी?" चहा मात्र त्याने सोडला नाही.

ठीक आहे. निदान वाचलंत तरी. फोनवर तुमचं "हं, आईला देतो" यापुढे काही जात नाही, त्यापेक्षा लाल शाई बरी. तेव्हा मी लिहिणार, तुम्ही तपासा.

आईला आधी हे वाचून दाखवा. बर्फाचा कारखाना सुटला, टायरचं गोदाम सुटलं, हे तिला माहीत आहे. आता जिथे आहे ते काम सुटणार नाही. ही हेलिकॉप्टर चालवायला शिकवणारी शाळा आहे. तुम्ही म्हणाल, शाळेतून पळाला आणि शाळेतच जाऊन पडला. पण मी इथे शिकायला नाही, पुसायला आहे. सकाळी काचेवरचे मेलेले किडे पुसायचे, मशीन गाड्यावर चढवून बाहेर ढकलायचं, टाकी भरायची, गवत कापायचं. राहायला शेडच्या मागे पत्र्याची खोली, मी आणि मिस्त्री. मिस्त्री म्हणजे इथला जुना मेकॅनिक. घोरतो, पण मनाने चांगला आहे. उशाला तेलाच्या जुन्या डब्यांचं फळकुट आहे, त्यामुळे झोपेत वळताना डोकं सांभाळावं लागतं. जेवण पोटभर.

इथपर्यंत आईला. पुढचं तुमच्यासाठी.

इथे एक मास्तर आहेत. तुमच्याच वयाचे, पोट सुटलेलं, मिशी पिकलेली, पण मशीनमध्ये बसले की वीस वर्षांनी लहान. पोरांना ते संकटाचा सराव देतात. म्हणजे उडताना इंजिन दगावलं तर काय करायचं, ते. वर जाऊन इंजिनाचा जोर मुद्दाम काढून घेतात. डोक्यावरचा पंखा मग पडताना खालून लागणाऱ्या वाऱ्यावरच फिरत राहतो, झाडावरून गिरकी घेत येणाऱ्या बीसारखा. आवाज एकदम बसतो, आणि मशीन जिन्यावरून पाय घसरावा तसं खाली येतं. जमीन जवळ आली की नाक वर करायचं, वेग मारायचा, इंजिनाला पुन्हा जोर द्यायचा, आणि माणसाच्या उंचीवर हवेत उभं राहायचं. मिस्त्री याला मेल्याचं सोंग म्हणतो.

त्या वेळी माझी जागा मैदानाच्या कडेला, पांढऱ्या पिंपाजवळ. आग विझवायचं लाल नळकांडं घेऊन उभं राहायचं. आजवर ते उघडायची वेळ आली नाही. मास्तर स्वतः सोंग करून दाखवतात, सावरतात, मग मशीनचं नाक माझ्याकडे वळवून जरासं झुकवतात. म्हणजे, किती? मी बोटं दाखवतो. दहापैकी. जितकं खाली येऊन सावरतील तितके मार्क जास्त. हा नियम मी यायच्या आधीपासूनचा आहे.

कसं आहे बघा. सातवी नापास पोरगा मास्तरांना मार्क देतो. सात देतो, आठ देतो, एकदा नऊ दिले. दहा अजून दिले नाहीत. मिस्त्रीला विचाराल तर तो सगळ्यांना दहा देतो, म्हणून त्याच्या मार्कांना कुत्रं विचारत नाही. माझ्या मार्कांना किंमत आहे. तुमचंच रक्त.

सही कशाला करू, अक्षर ओळखता.


२ मार्च

बाबा,

या वेळी पत्र परत आलं नाही. चुका नव्हत्या की वाचलं नाही?

आईला सांगा, खोकला गेला. चादर पाठवू नको म्हणावं, इथे उकाडा आहे. इतका की मशीनची दारं काढून ठेवली आहेत. दारांविना ते सोललेल्या अंड्यासारखं दिसतं, आत कोण काय करतंय ते सगळं बाहेरून कळतं.

एक नवी मुलगी शिकायला आली आहे. उंचीने एवढीशी, आम्ही तिला बारकी म्हणतो. तिला समोरचं दिसत नाही म्हणून घरून उशी आणली आहे, चौकटीच्या कापडाची, खाली रबराची पट्टी, सरकू नये म्हणून. तिचा बाप शिंपी आहे, त्याने माप घेऊन शिवली. उशी काखेत मारून ती मशीनकडे निघाली की मिस्त्री म्हणतो, "झोपायला चालली का गं?" ती म्हणते, "तुमच्या घोरण्याने इथवर झोप लागत नाही, वर जाऊन झोपते." तिने मिस्त्रीला गप्प केलं, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

तिला अजून सोंग जमत नाही. खाली येताना घाबरून मशीन चालवायची काठी घट्ट धरते. मशीनमध्ये दोघांपुढे सारखीच काठी असते, एकाने धरली की दुसऱ्याने सोडायची. म्हणून मास्तरांचा नियम आहे, ते स्वतः चालवून दाखवत असतील तेव्हा शिकणाऱ्याने दोन्ही हातांनी खांद्याचे पट्टे धरून बसायचं, काठीला बोट लावायचं नाही. बारकी पट्टे धरून बसते ती जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारखी.

इथपर्यंत आईला.

मास्तर परवा चहाच्या वेळी माझ्याशेजारी येऊन बसले. मला म्हणाले, "काय रे कंजूस, दहा कधी?" मी म्हटलं, "जमतील तेव्हा." म्हणाले, "परवाचं काय वाईट होतं?" मी म्हटलं, "वाईट नव्हतं. पण गवत हललं नाही." म्हणजे पंख्याच्या वाऱ्याने नव्हे, मशीनच्या पायांनी गवत हलायला हवं, इतकं खाली. हे मी आपलं ठोकून दिलं. ते हसले. मिस्त्री म्हणाला, "अरे दे की एकदा, म्हातारा सुखाने मरेल."

तेव्हा मी तुमचं वाक्य सांगितलं. पूर्ण मार्क दिले की पोरगं तिथेच थांबतं. तुम्ही वर्गात म्हणायचात ते. मास्तरांना ते एवढं आवडलं की मांडीवर थाप मारली. म्हणाले, "तुझा बाप खरा मास्तर रे! मग तू शिकला का नाहीस?"

मी सांगितलं. वर्ग बापाचाच होता, गणितात दोन मार्क कमी पडले, सगळी शाळा म्हणत होती की घरचा पोर आहे, दोन द्या. बापाने दिले नाहीत. मास्तर कप फिरवत बसले. मग म्हणाले, "मी दिले असते." आणि कप खाली ठेवून, "म्हणूनच माझी पोरं कच्ची राहतात."

हे तुम्हाला का लिहितोय कळत नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून असेल.

संध्याकाळी त्यांच्या बायकोने जेवायला बोलावलं. त्यांना मी काकू म्हणतो. त्यांना मूलबाळ नाही. मी उठेपर्यंत त्या वाढतच होत्या.


१९ मार्च

बाबा,

पेपरात आलं असेल तर आईला आधी हे सांगा की मी जमिनीवर होतो. मला खरचटलंसुद्धा नाही. आईला दोनदा सांगा. ती पहिल्यांदा ऐकत नाही.

मशीन पडलं. सरावात. मास्तर गेले. बारकी दवाखान्यात आहे.

सकाळी पहिली दोन सोंगं नीट झाली. तिसऱ्या वेळी आवाज बसला, मशीन घसरत आलं, नाक वर झालं. नेहमीपेक्षा खाली झालं. शेपटीच्या टोकाला एक छोटा पंखा असतो, मशीनला सरळ धरणारा. तो आधी जमिनीला लागला. एवढंच. मग ते स्वतःभोवती फिरलं आणि कुशीवर पडलं, आणि वरचा पंखा माती खणत तुटला. त्याचा एक तुकडा पिंपात घुसला आहे. मी पिंपापासून लांब नव्हतो. हे आईला नको.

आग लागली नाही. नळकांडं आणायला मला दोन पावलं मागे जावं लागलं, कारण ते मी खाली ठेवलं होतं. मिस्त्री शेडमधून ओरडत आला, "हात खाली घे, हात खाली घे," असं ओरडत होता. माझे हात वर होते. घाबरल्यावर माणसाचे हात वर जातात.

मास्तरांना आम्हीच काढलं. चेहऱ्यावर काही नव्हतं. चष्मा पण फुटला नव्हता. बारकी शुद्धीवर होती आणि सारखं म्हणत होती, "माझे पाय काढा, माझे पाय अडकलेत." पाय अडकलेले नव्हते.

उशी गवतात पडली होती. ती मी खोलीवर आणून ठेवली आहे.

मशीनभोवती दोरी बांधली आहे. शाळा बंद. पण पगार चालू आहे, आईला सांगा.


२८ मार्च

बाबा,

हे पत्र आईसाठी नाही. एकट्याने वाचा.

चौकशीची माणसं आली आहेत. तिघं जण आहेत, शांत बोलतात. एकेकाला बोलावतात. त्यांना एकच गोष्ट नक्की करायची आहे, शेवटी काठी कुणाच्या हातात होती. शाळेचे साहेब म्हणतात, मुलीच्या. ती घाबरट होती, काठी घट्ट धरायची, हे सगळ्यांनी पाहिलं आहे, आणि ते खरंही आहे. मास्तरांचा हात असता तर असं होणारच नाही, म्हणतात. बारकी म्हणते मास्तरांच्या हातात होती. पण तिच्या डोक्याला मार लागला आहे, त्यामुळे तिचं बोलणं लिहून घेतात आणि मान हलवतात.

समोरून, जवळून पाहणारा एकच होता. पिंपापाशी होता तो.

मी दवाखान्यात गेलो होतो. बाहेर बाकावर तिचा बाप बसला होता. बारीक माणूस, गळ्यात टेप तसाच. काढायचा राहून गेला असेल. मी कोण ते सांगितल्यावर उठून उभा राहिला. माझ्यासाठी आजवर कुणी उठून उभं राहिलं नव्हतं. "आत जा बाळा, ती तुमच्या सगळ्यांच्या गंमती सांगायची," म्हणाला.

तिला कंबरेखाली काही कळत नाही. डॉक्टर वाट बघू म्हणतात, पण वाट बघणाऱ्याचा आवाज तसा नसतो.

मला बघून पहिलं काय विचारलं, "माझी उशी सापडली का रे?"

"सापडली. धुवायला काढली आहे."

"धुवू नको. कापसाच्या गाठी होतील. बाबा चिडतील."

मग छताकडे बघायला लागली. म्हणाली, "काठी माझ्या हातात होती म्हणतात. इतक्या वेळा विचारलंय की आता मलाच खरं वाटायला लागलंय. डोळे मिटले की हातात काठी येते. तू समोर होतास ना? माझे हात कुठे होते रे?"

मी म्हटलं, "पट्ट्यांवर."

"दोन्ही?"

"दोन्ही. घट्ट. पाळण्यात बसल्यासारखे."

तिने डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "उडायचं संपलं ते मला कळलंय. मला कुणी सांगत नाही, पण कळलंय. मी पाडलं नाही, एवढं फक्त कुठेतरी लिहिलेलं पाहिजे. तू सांगशील ना?"

मी हो म्हटलं. बाबा, त्या क्षणी मी खरंच हो म्हटलं होतं.

येताना मास्तरांच्या घरावरून आलो. काकूंनी बोलावून घेतलं. मास्तरांचा चष्मा त्यांच्या हातात होता, पदराने पुसत होत्या, एकच काच, पुन्हा पुन्हा. म्हणाल्या, "शेजारणी येऊन तोंडदेखलं रडतात आणि दाराबाहेर कुजबुजतात. म्हातारपणी मस्ती केली म्हणतात. आयुष्यभर ज्या माणसाने एक ओरखडा येऊ दिला नाही, तो स्वतःच्या हाताने पडेल का रे? तू बघितलंस. पोरीच्याच हातात होतं ना?"

मी मान हलवली. कशी हलवली ते मला आता आठवत नाही. पण काकूंचं रडं थांबलं, म्हणजे त्यांना हवी तशी हलली असणार. मग त्यांनी मला जेवायला वाढलं, आणि मी जेवलो.

म्हणजे एकाच दिवसात मी दोन बायकांना दोन उत्तरं देऊन आलो. तुम्ही असतात तर फळ्यावर दोन्ही लिहून मधे काट मारली असती.

पुढच्या आठवड्यात मला बोलावणार आहेत. मला माहीत आहे मी काय पाहिलं. पण ते सांगितलं की पुढचा प्रश्न येणार, एवढा जुना माणूस, इतक्या खाली का आला? आणि त्याचंही उत्तर मला माहीत आहे.

तुम्ही काय केलं असतं? शुद्धलेखन राहू द्या. एक ओळ लिहा. आजवर काही मागितलं नाही. दोन मार्कसुद्धा मी मागितले नव्हते, ते लोक मागत होते.


६ एप्रिल

बाबा,

तुमचं पाकीट चौकशीच्या दिवशी सकाळीच मिळालं. आत माझंच पत्र. पण या वेळी एकही चूक काढली नव्हती. मी पाहिलं, चुका होत्या. शेवटी लाल शाईत दोनच शब्द. खरे सांग.

मी ते घडी करून खिशात ठेवलं. खिशात घेऊनच आत गेलो.

साहेबांची खोली. टेबलावर हेलिकॉप्टरचं छोटं खेळणं होतं, तिघांतला एक जण बोलताना त्याचा पंखा बोटाने फिरवत होता. मला "बस बाळा" म्हणाले. पाणी दिलं. वाईट माणसं नव्हती. वाईट असती तर सोपं गेलं असतं.

विचारलं, "तू कुठे उभा होतास?" सांगितलं. "तिथून आतलं दिसतं?" म्हटलं, एरवी दिसतं. "त्या दिवशी काठी कुणाच्या हातात होती?"

मी म्हटलं, "डोळ्यांवर ऊन होतं. नीट दिसलं नाही."

पंखा फिरवणारा थांबला. म्हणाला, "मुलीचे हात दिसले का?" मी म्हटलं, नाही. "बरं, मास्तर अलीकडे सरावात जास्त खाली येत होते का? कुणी तसं म्हणालं?" मी म्हटलं, "नाही. ते नेहमी वेळेवर सावरायचे." "म्हणजे चालवायचे कसे?"

माझ्या तोंडातून निघालं, "दहापैकी दहा."

त्याने ते लिहून घेतलं. बोलल्या बोलल्या लिहून घेतलं. मग म्हणाला, "शुक्रवारपर्यंत आम्ही आहोत. काही आठवलं तर ये."

बाहेर मिस्त्री बसला होता. दाराला फट होती, त्याने ऐकलं होतं. मग म्हणाला, "सकाळचं ऊन पिंपावर पाठीमागून येतं." बस. त्या दिवशी त्याने आपली खाट उचलून शेडमध्ये नेली. आता खोलीत घोरणं नाही, आणि मला झोप येत नाही.

मी काकूंसाठी केलं असं मला दोन दिवस वाटत होतं. त्या मला सकाळी भेटल्या, पाठीवरून हात फिरवला, मला बरं वाटलं. पण तुम्ही खरं सांग म्हणालात, तर निदान तुम्हाला सांगतो.

मार्कांचा तो नियम आधीपासूनचा नव्हता. मी यायच्या आधी ही माणसं नुसत्या टाळ्या वाजवायची. मार्क मी काढले. जितकं खाली तितके जास्त, हे मी ठरवलं. गवत हललं पाहिजे, हेही मी. मला वाटायचं, काहीतरी अवघड असल्याशिवाय मार्कांना अर्थ काय? आणि दहा मी मुद्दाम अडवून धरले होते. कुणीतरी माझ्याकडून काहीतरी मिळावं म्हणून धडपडतंय, हे मला फार आवडायचं. पन्नाशीचा माणूस, मिशा पिकलेल्या, हवेत उभा राहून माझ्या बोटांकडे बघायचा. असं मी कधी कुणाला लागलो नव्हतो.

त्या दिवशी पहिल्या सोंगाला मी आठ दिले. दुसऱ्याला नऊ. मास्तरांनी नाक झुकवलं, मग डोकं हलवलं, म्हणजे थांब, आता बघ. आणि पुन्हा वर गेले. बारकीचे हात पट्ट्यांवर होते, तिन्ही वेळा.

तिसऱ्या वेळी ते इतके खाली आले की मला मशीनच्या पायांखाली गवत आडवं झालेलं दिसलं. मी नळकांडं खाली ठेवलं, दोन्ही हात वर केले आणि दहाच्या दहा बोटं उघडली. अजून सावरायचं होतं, तरी उघडली. मला राहवलं नाही. त्यानंतर शेपटी लागली.

त्यांनी ते पाहिलं की नाही, हे मला कधीच कळणार नाही. पाहिलं असेल तर त्यांचं लक्ष त्या वेळी माझ्या हातांकडे होतं. नसेल पाहिलं, तर दहा न मिळता गेले. दोन्हींतलं कुठलं बरं, ते ठरत नाही.

हात वर होते ते घाबरून नव्हे. मशीन पडल्याच्या पत्रात लिहिलं ते खोटं.

शुक्रवारी गेलो होतो. फाटकापर्यंत गेलो. त्यांची गाडी उभी होती, मागचं झाकण उघडं, ड्रायव्हर पेट्या चढवत होता. पंखा फिरवणाऱ्याने मला पाहिलं. हात वर करून "काही आठवलं का?" असं विचारलं, लांबूनच. मी मान हलवली. या वेळी कशी हलवली ते मला नीट आठवतं. आडवी.

काल बारकीला तिचा बाप घरी घेऊन गेला. इथे ठेवून आता काही व्हायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी उशी द्यायला गेलो. न धुता. ती गाडीत आडवी होती, गुंगीचं औषध दिलं होतं, डोळे उघडले नाहीत. शिंप्याने उशी हातात घेतली, उलटीपालटी केली, शिवण तपासली, आणि तिच्या पायांखाली ठेवली. मग मला म्हणाला, "तू सांगितलंस ना बाळा?"

मी म्हटलं, "सांगितलं."

त्याने माझे दोन्ही हात धरले. कपाळाला लावले. बाबा, माझे हात, ते.

आता तिकडून कागद येईल, त्यात लिहिलेलं असेल की मशीन मुलीच्या हातात होतं. शिंपी तो कागद तिला वाचून दाखवेल, तुम्ही आईला माझी पत्रं दाखवता तसा. काही तो गाळेल. पण किती गाळणार?

तुम्ही म्हणाल, अजून जा, लेखी दे. मी काल रात्री बसलो होतो लिहायला. पहिली ओळ लिहिली, "त्या दिवशी ऊन माझ्या पाठीवर होतं." पुढची ओळ मास्तरांवर जाते. त्याच्या पुढची माझ्यावर येते. मी कागद फाडला. मला धीर नाही, आणि तो येईल असंही वाटत नाही. तुम्हाला खोटी आशा देऊन काय करू.

शाळा आता उघडणार नाही. बंदरावर साखळ्या ओढायला माणसं लागतात म्हणे. उद्या निघतो. पत्ता कळवणार नाही. आईला सांगा काम चांगलं आहे. नाहीतर नको. या वेळी तिला सगळं वाचून दाखवा, पहिल्या ओळीपासून, काही गाळू नका.

त्या वेळी दोन मार्क तुमच्या हातात होते, सगळी शाळा द्या म्हणत होती, आणि समोर मी उभा होतो. मला इतकी वर्षं वाटायचं, न देणं तुम्हाला सोपं गेलं असणार. काकूंच्या पुढ्यात बसून जेवल्यावर कळलं.

हे पत्र परत पाठवायला पत्ता नाही, तेव्हा चुका काढायचा त्रास घेऊ नका. फक्त खाली मार्क लिहून ठेवा. दहापैकी. आणि दोन वाढवून देऊ नका.